कवितेवरून काढलेला नकाशा

बाबा, काल दुपारी मी त्या लायब्ररीत जाऊन आले. तीच, आमच्या जुन्या भाड्याच्या घरापासून दहा मिनिटांवरची, जिथे तुम्ही रोज सकाळी दार उघडायच्या आधीच पायरीवर जाऊन उभे असायचात. सोळा वर्षांत मी तिकडे फिरकले नव्हते. वेळच मिळत नाही असं मी सांगते, आणि ते अगदीच खोटं नाही. लॅबच्या शिफ्टा, लेकीची शाळा, नवऱ्याचं रोज ट्रेनने सिडनीला जाणं-येणं, या सगळ्यात माझा पार पिट्ट्या पडतो. पण वॉलॉंगॉंग केवढंसं? इथे एखाद्या जागी सोळा वर्षं जायचं नाही म्हणजे रस्ता बदलूनच जावं लागतं, आणि मी तो बदलत होते. काल जाणं भाग पडलं, आणि तिथे जे कळलं ते तुम्हाला सांगायचं म्हणून बसलेय. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली हे मला चांगलं ठाऊक आहे. तरी बसलेय. दुसऱ्या कुणाला सांगायचं म्हटलं तर आधी किती समजावून द्यावं लागेल, आणि तेवढा दम आता माझ्यात नाही.

बाळंतपणाला लोकांच्या आया येतात, माझ्याकडे तुम्ही आलात. आई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. शेजारच्या काकूंकडून डिंकाचे लाडू शिकलात, स्वतः वळलेत, आणि इथल्या विमानतळावर कस्टमच्या माणसापुढे डबा उघडून ‘मेडिसिन, फॉर डॉटर’ असं छातीठोकपणे सांगितलंत. त्याने एक लाडू फोडून बघितला, हसला आणि डबा परत दिला. तो फुटलेला लाडू तुम्ही वेगळा बांधून आणला होतात. मला म्हणालात, ‘हा तपासणी झालेला आहे, हा आधी खा.’ मला सातवा लागला होता, एप्रिल चालू होता, आणि मी सकाळी सहाला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जाऊन आरवोपर्यंत, म्हणजे इथल्या भाषेत दुपारपर्यंत, काचपट्ट्या बघत उभी असायची. घरी येऊन बघावं तर तुम्ही भात लावलेला असायचा आणि डायनिंग टेबलावर तुमचा कागदांचा पसारा.

पहिल्याच आठवड्यात तुम्ही हरवलात. तुम्ही! आयुष्य भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार म्हणून गेलं, कोकणातल्या निम्म्या तालुक्याच्या हद्दी ज्यांना तोंडपाठ, ते बाबा दूध आणायला गेले आणि हरवले. दुपारचा सूर्य पाठीशी घेतला की आपण उत्तरेला चाललो, हे तुमच्या पायांत भिनलेलं. तसे निघालात आणि दोन स्टेशनं दक्षिणेला जाऊन पोचलात. तिथून एका बाईच्या फोनवरून मला लॅबमध्ये फोन. मी घाबरीघुबरी गाडी घेऊन आले तर तुम्ही स्टेशनच्या बाकावर निवांत बसलेले, दुधाची बाटली मांडीवर, आणि तोंडावर असा आनंद की जणू काही सापडलंय. म्हणालात, ‘अगं, इथे दुपारचं ऊन उत्तरेकडून येतं! पुस्तकात वाचलं होतं, पण पायांना कोण सांगणार?’ मी इतकी करवादले होते तुमच्यावर. तुमचं आपलं चालूच: ‘आपल्याकडे दिवस सह्याद्रीतून उगवतो आणि समुद्रात बुडतो. इथे समुद्रातून निघतो आणि डोंगरामागे जातो. मध्ये तेवढीच चिंचोळी पट्टी, तसेच ओढे, तशीच खाडी. सगळं आपलंच आहे गं, फक्त उलटं ठेवलंय.’

लायब्ररी तुम्ही स्वतःच शोधलीत, आणि कविता का, तेही मला तेव्हा हसू आणणारंच वाटलं. तुमचं इंग्रजी मॅट्रिकपर्यंतचं आणि पुढे साहेबांच्या शेऱ्यांपुरतं. कादंबरीच्या एका पानाला डिक्शनरी घेऊन बसलं की सकाळ जाते. कवितेत ओळी कमी, शब्द शोधणं परवडतं. एवढा साधा हिशेब. इथल्या कवितांचे जाडजूड संग्रह तुम्ही एकामागून एक घरी आणलेत, आणि प्रत्येक कविता वाचून झाली की ग्राफच्या कागदावर तिचा नकाशा काढायचात. घर कुठे, कुंपण कुठे, ओढा कुठून कुठे, टेकडी कुठल्या अंगाला. माझी भाजीची सुरी घेऊन पेन्सिलीला टोक करायचात आणि मी ओरडायची. ‘बाबा, कविता आहे ती, मोजणीचा अर्ज नाही!’ तुम्ही मान वर न करता म्हणायचात, ‘या माणसाने ओढ्याबद्दल वीस ओळी लिहिल्यात, पण पाणी कुठल्या दिशेला जातं ते नाही लिहिलं. याने ओढा बघितलाय का नुसता ऐकलाय?’ तुम्ही आणलेल्या पहिल्याच पुस्तकातल्या एका कवितेत घराची ओसरी उबेसाठी उत्तरेला काढली आहे असं होतं. तिथे तुम्ही समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह केलं होतं. हरवून आल्यावर पहिलं काम काय केलंत, तर ते पान काढून प्रश्नचिन्ह खोडलंत. लायब्ररीचं पुस्तक होतं म्हणून नाही. म्हणालात, ‘कवी बरोबर होता, मोजणीदार चुकला.’ तुम्हाला चूक कबूल करायला असा कितीसा वेळ लागायचा.

त्या कवितांबद्दल तुम्ही जेवताना बोलायचात आणि मी अर्धवट झोपेत हूं हूं करायची. आता मात्र एकेक शब्द आठवतोय, याला काय म्हणावं? यांच्या झाडाची पानं गळत नाहीत, साल गळते, हे तुम्ही आधी कवितेत वाचलंत आणि मग कोपऱ्यावरच्या युकॅलिप्टसखाली जाऊन सालीचा हातभर तुकडा घेऊन आलात. मी या देशात सहा वर्षं राहत होते, त्या झाडाखाली रोज गाडी लावत होते, मला पत्ता नव्हता. तुम्ही म्हणालात, आपला कवी पाऊस आला की लिहितो, हे पाऊस आला नाही की लिहितात. आपला कवी रानात गेला की त्याला बरं वाटतं, यांना आधी भीती वाटते, मग दोन पिढ्यांनी प्रेम वाटायला लागतं. आणि एक गोष्ट तुम्हाला खटकायची. ‘या जुन्या कवितांमध्ये ‘एम्प्टी’ फार आहे. डिक्शनरी बघून बघून पाठ झाला तो शब्द. रिकामं मैदान, रिकामी दरी, रिकामा किनारा. आमच्या दप्तरात पड जमीन असते, पोटखराबा असतो, गुरचरण असतं. रिकामी असा रकाना मी कधी बघितला नाही.’

हे तुम्ही का म्हणत होता ते मला कळायला हवं होतं, कारण मी ते डोळ्यांनी बघितलेलं आहे. मी सात-आठ वर्षांची असेन. मे महिन्याच्या सुट्टीत तुम्ही मला मोजणीला बरोबर घेऊन गेला होतात. एका बागायतदाराने काजूच्या बागेला दगडांचा गडगा घातला होता आणि वरच्या वाडीतल्या लोकांची विहिरीची वाट बंद झाली होती. तो माणूस गळ्यात सोन्याची साखळी घालून सांगत होता, इथून कधी कुणी जात-येत नव्हतं, वाट बीट काही नाही. वाडीतली माणसं लांब उभी, बोलत कुणीच नव्हतं. तुम्ही गडग्याच्या कडेने चाललात, एका जागी खाली बसलात आणि पालापाचोळा हाताने बाजूला केलात. जांभ्याची पायरी होती, मधोमध झिजून खोलगट झालेली. तुम्ही मला बोलावलंत, माझा तळहात त्या खळग्यावर ठेवलात आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलंत, ‘दगड आपोआप झिजतो का गं?’ बागायतदाराने शहाळी काढून ठेवली होती. ती तुम्ही प्यायला नाहीत, मलाही पिऊ दिली नाहीत, आणि मी घरी येईपर्यंत फुरंगटून बसले होते.

लायब्ररीत दर गुरुवारी दुपारी कवितेचा ग्रुप जमायचा. तो चालवणारी बाई रिटायर झालेली शिक्षिका होती. माझी तिची ओळख माझ्या युनिव्हर्सिटीच्या दिवसांपासूनची, ती आम्हा परदेशी मुलांना फुकट इंग्रजी शिकवायला यायची. पुढे आम्हाला घर भाड्याने मिळत नव्हतं तेव्हा एजंटकडे तिने आमच्यासाठी शब्द टाकला होता. तुम्ही रोज कवितेची पुस्तकं नेता हे तिने बघितलं आणि मला निरोप पाठवला: वडिलांना घेऊन ये, तू दुभाषी हो. मी सुट्टी टाकली. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घातलात, खिशाला पेन लावलंत. दहा-बारा म्हातारी माणसं, मध्ये चहा आणि बिस्किटं. त्या दिवशी बाईंनी स्वतःची कविता वाचली. त्यांचे आजोबा गाई घेऊन या डोंगराच्या पायथ्याशी आले, जंगल तोडलं, गोठा बांधला, दुधाचा धंदा उभा केला, त्याची कविता. सुरुवातच अशी होती की इथे तेव्हा वाऱ्याशिवाय कुणी नव्हतं. फार मनापासून वाचली त्यांनी. एकाने रुमाल काढून डोळे पुसले. प्रत्येकाला कागदावर प्रत दिली होती आणि तुमची पेन्सिल त्या कागदावरून हळूहळू खाली सरकत होती.

मग त्यांनी तुमच्याकडे बघून विचारलं, तुम्हाला काय वाटलं? तुम्ही उभे राहिलात, साहेबासमोर उभे राहायचात तसे, हात मागे बांधून. माझ्याकडे वळून मराठीत म्हणालात, ‘बाईंना सांग, कविता चांगली आहे, मला गोठा डोळ्यासमोर दिसला. पण पहिल्या ओळीत म्हणतात इथे कुणी नव्हतं, आणि नवव्या ओळीत आजोबा गाईंना जुन्या वाटेने ओढ्यावर उतरवतात. मग ती वाट कुणी पाडली? एवढंच विचार.’ सगळे माझ्याकडे बघत होते. बाई पुढे झुकल्या होत्या, चेहऱ्यावर केवढी आशा. माझ्या पोटात लेक लाथा मारत होती. मला कळलं होतं तुम्ही काय विचारताय ते, बाबा, एका क्षणात कळलं होतं. या जमिनीवर गोरे यायच्या आधी कोण होतं, हा इथे चहा-बिस्किटं खाताना विचारायचा प्रश्न नव्हता. आमचा पीआरचा, म्हणजे इथे कायमचं राहण्याचा, अर्ज आत होता, या बाईने आमच्यासाठी रदबदली केली होती, आणि तुम्ही तिच्या आजोबांची हद्द मोजायला निघाला होतात. मी हसले. म्हणाले, ‘माय फादर सेज इट्स ब्युटिफुल. इट रिमाइंड्स हिम ऑफ अवर व्हिलेज.’ सगळ्यांच्या तोंडून कौतुकाचा एक ‘ऑ’ निघाला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. बाईंनी तुमचा हात हातात घेतला. ब्युटिफुल आणि व्हिलेज एवढे दोन शब्द तुम्हाला नक्कीच कळत होते. तुम्ही माझ्याकडे एकदा बघितलंत आणि खाली बसलात.

गाडीत बसल्यावर तुम्ही तो कवितेचा कागद घडी करून खिशात ठेवलात. पोर्ट केंबलाच्या पोलाद कारखान्याचा धूर दिसायला लागला तेव्हा म्हणालात, ‘दुभाष्याला पंचनाम्यात मत नसतं.’ आवाज चढवला नाहीत. मीच चढवला. म्हणाले, बाबा, तुम्हाला कळत नाही, आपण इथे पाहुणे आहोत, असं तोंडावर विचारत नाहीत, तुम्ही चार महिन्यांनी निघून जाल, मला राहायचंय इथे. तुम्ही शांतपणे म्हणालात, ‘पाहुणा मी आहे. तू इथे राहणार आहेस, म्हणून तर तू विचारायला हवं होतंस.’ मला इतका राग आला की मी घरी येऊन तुमचा पसारा टेबलावरून उचलला आणि कपाटावर टाकला. कांदे चिरायला जागा हवी, असं काहीतरी पुटपुटले. पुढचे काही दिवस तुम्ही काहीतरी आखत बसला होता, मी ढुंकूनही बघितलं नाही. त्या विषयावर तुम्ही पुन्हा एक अक्षर बोलला नाहीत. जुलैत लेक झाली, तुम्ही तिच्या लंगोटांच्या घड्या घातल्यात, ऑगस्टच्या शेवटी परत गेलात. चार वर्षांनी अटॅक आला. मी मुंबईला उतरून गावी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तिकडे कपाटात तुमची मोजणीची साखळी, फळी, सगळं तेल लावून ठेवलेलं. मी रडले, पण त्या गुरुवारचं मनात आलं की रडू थांबायचं आणि भलतीच चिडचिड व्हायची.

आता परवाचं सांगते. लेक अकरावीत आहे. तिला शाळेत असाइनमेंट आहे, ऑस्ट्रेलियन कवितेतला निसर्ग आणि भूमी. टेबलावर बसून करवादत होती, ‘मम, इट्स ऑल जस्ट ट्रीज अँड मोर ट्रीज.’ मी भांडी लावत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, तुझे आजोबा या कविता वाचायचे. तिने इयरफोन काढला. ‘आजोबा? द सर्व्हेयर?’ मग मी सांगत सुटले. नकाशे, उत्तरेचं ऊन, दोन स्टेशनं, सालीचा तुकडा. पोरीचे डोळे असे चमकले की मलाच नवल वाटलं. एरवी मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत दीड शब्द उत्तर देते ती. म्हणाली, हे मी लिहिते, धिस इज सो गुड, अजून सांग. आणि मी सांगितलं की लायब्ररीत एका बाईंची कविता ऐकून तुझे आजोबा म्हणाले, फार सुंदर आहे, मला आमच्या गावाची आठवण आली. सहज बोलून गेले, बाबा. सोळा वर्षांत ते वाक्य मी मनात इतकं घोळवलं असणार की ते तुमचंच झालं होतं. तिने ते टाईप केलं. माय ग्रँडफादर सेड. तिच्या स्क्रीनवर मी ते वाचलं आणि पुढची प्लेट पुसायला घेतली. तिला ती कविता हवी होती, म्हणून काल गुरुवारची सुट्टी होती तेव्हा मी लायब्ररीत गेले.

ग्रुप अजून चालू आहे. बाई ऐंशीच्या पुढे गेल्यात, वॉकर घेऊन येतात. मला ओळखलं, जवळ घेतलं, ‘लव्ह, यू लूक टायर्ड,’ म्हणाल्या. आहेच मी टायर्ड. मी कवितेचं विचारलं तर म्हणाल्या, बस, आज तीच वाचते. वाचायला लागल्या आणि मी कान टवकारले, कारण सुरुवात ती नव्हती. वारा होता, पण ‘कुणी नव्हतं’ गेलं होतं. त्याजागी होतं की थंडीत मासे ओढ्याच्या तोंडाशी यायचे तेव्हा तिथे इथल्या मूळ माणसांच्या शेकोट्या पेटायच्या, आणि त्यांच्या वाटेने आजोबांनी गाई उतरवल्या, आणि मग त्याच वाटेवर कुंपण घातलं. पूर्वीइतकी गोड राहिली नव्हती कविता. मध्येच अडखळायची, एका ओळीत नुसतं कुंपणाच्या तारांबद्दल होतं. या वेळी कुणी डोळे पुसले नाहीत.

नंतर मी त्यांना म्हणाले, ही बदलली तुम्ही. ‘तुझ्या वडिलांनीच तर,’ म्हणाल्या. आपण गेलो त्याच्या पुढच्या गुरुवारी तुम्ही लायब्ररीत परत गेला होतात, बाबा. एकटे. मी शिफ्टला होते आणि मला वाटत होतं तुम्ही तळ्यावर फिरायला गेलात. तुम्ही खिशातून ग्राफच्या कागदाची घडी काढलीत आणि त्यांच्यासमोर पसरलीत. त्यांच्या कवितेवरून काढलेला नकाशा, घर, गोठा, अंजिराचं मोठं झाड, कुंपण, ओढा. सगळं काळ्या पेन्सिलीत आणि एकच वाट लाल. त्या लाल रेघेवर बोट ठेवून तुम्ही म्हणालात, ‘हू मेड पाथ?’ बाईंना आधी कळलं नाही, मग कळलं आणि राग आला. त्या म्हणाल्या, आय डोन्ट नो. तुम्ही म्हणालात, ‘ग्रँडफादर नो,’ आजोबांना माहीत होतं. एवढंच. मग चहा प्यायलात, स्वतःचा कप विसळून ठेवलात आणि बसने घरी आलात. त्या रात्रभर चरफडत होत्या म्हणे. कारण त्यांना माहीत होतं. लहानपणी आजोबांच्या मांडीवर बसून त्यांनी त्या शेकोट्यांची गोष्ट दहा वेळा ऐकली होती. कवितेत ती नीट बसत नव्हती म्हणून सोडून दिली होती. तुम्ही पुढेही आणखी तीन-चार गुरुवार गेलात, पण तो प्रश्न परत काढला नाहीत, अवघड शब्द तेवढे विचारायचात. त्यांना कविता नव्याने लिहायला दोन वर्षं लागली. तोवर तुम्ही गावी परत गेला होतात. ‘आय ऑल्वेज वॉन्टेड टू थँक हिम,’ म्हणाल्या. आणि मग, माझा हात धरून, ‘ही मस्ट हॅव टोल्ड यू, ऑफ कोर्स.’

मी म्हणाले, हो, सांगितलं होतं.

काय करू, बाबा? दुसरं काही तोंडातून आलंच नाही. एवढं सगळं तुम्ही माझ्या घरात राहून केलंत आणि मला सांगितलं नाहीत, हे मी त्यांच्यासमोर कोणत्या तोंडाने मान्य करू? येताना गाडीत मला तुमचा भयंकर राग आला. एका शब्दाने म्हणाला असतात, जाऊन आलो गं, विचारून आलो, तर मी सोळा वर्षं तो रस्ता टाळला नसता. मग सिग्नलला थांबले तेव्हा वाटलं, सांगितलं असतंत तर मी आणखी चिडले असते, आणि ते तुम्हाला ठाऊक होतं. मी दमलेली होते, पोटुशी होते. तुम्ही मला त्यातून सोडवलंत आणि तुमचं काम तुम्ही करून आलात. तुमची मोडकीतोडकी भाषा घेऊन, बसने.

संध्याकाळी लेकीला सगळं खरं सांगितलं. नकाशा, प्रश्न, मी काय बोलले ते, बाई काय म्हणाल्या ते. असाइनमेंट आज जाणार होती. तिने ते वाक्य खोडलं आणि तिथे नवीन लिहायला घेतलं. लिहिता लिहिता एकदा माझ्याकडे वळून तिने मराठीत विचारलं, बाबा, चक्क मराठीत, ‘पण तू का नाही विचारलंस?’ मी म्हणाले, तेव्हा माझं इंग्रजी इतकं चांगलं नव्हतं गं. तिने मान डोलावली. पटलं तिला. आता ती शाळेत आहे, मला अकराच्या शिफ्टला निघायचं आहे, आणि हा कागद काही कुठल्या टपालपेटीत पडायचा नाही. म्हणून इथेच लिहून ठेवते. हू मेड दॅट पाथ. चारच शब्द होते, बाबा, आणि चारही मला येत होते.